तासाला चार मिनिटे

मित्रांनो, मी बुद्धिबळाचे एक जुने, किल्लीचे घड्याळ आहे. मला तोंडे दोन, पण बोलता एकानेही येत नाही. आले असते, तर एका मुलीचे वाटोळे झाले नसते.

एका कारागिराने लाकडी पेटीत माझ्या दोन तबकड्या बसवल्या, वर दोन खटके लावले आणि वेळ संपला की पडणाऱ्या दोन लाल झेंड्या. आपली चाल झाली की आपला खटका दाबायचा, म्हणजे समोरच्याचा वेळ धावू लागतो. एका तरुण खेळाडूने मला विकत घेतले. तो ग्रँडमास्टर झाला त्या दिवशी पदक बाजूला ठेवून त्याने आधी मला छातीशी धरले. तेव्हापासून घरात मला कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच झाला.

पुढे केस पिकले, जिंकणे कमी झाले आणि ग्रँडमास्टर प्रशिक्षक झाले. शिष्य आले, तसे गेलेही. उरली एक भाची. चाल करायला फार वेळ लावते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आपण हरलेल्या साऱ्या डावांची भरपाई हीच करील, अशी आशा मामा लावून बसले.

त्यांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. डाव सुरू झाला की ते माझ्या दोन्ही तोंडांवर रुमाल टाकत. "घड्याळाकडे बघत बसलीस तर पटावरचं सुटेल. वेळ अंगात भिनला पाहिजे," असे ते म्हणत. स्पर्धेसारखाच दोघांनाही एकेक तास असे; आपल्या तासातली शेवटची पाच मिनिटे उरली असे वाटले की मुंगीने सांगायचे. सुरुवातीला तिचा अंदाज साफ चुकायचा. मग बसू लागला.

"मामा, पाच राहिली!"

मामा रुमाल उचलत. बरोबर पाच! "शाब्बास गं माझी वाघीण!" म्हणून ते तिच्या पाठीवर थाप देत आणि मी मेल्याहून मेल्यासारखे होई. कारण मुंगी नेहमी उजवीकडे बसे आणि माझी उजवी बाजू केव्हाच थकली होती. आतले तेल सुकले होते. ती तासाला चार मिनिटे मागे पडत होती.

"अहो, घड्याळजींना एकदा दाखवून तरी आणा," मामी कितीदा म्हणाल्या.

"माझ्या घड्याळाला काय धाड भरलीय?" मामांचे ठरलेले उत्तर.

राष्ट्रीय संघाच्या निवडीची स्पर्धा आली. आधीच्या फेऱ्यांत मुंगीचे डाव लवकर संपले. शेवटची फेरी जिंकली की ती संघात जाणार होती. तिथले घड्याळ नवे, टिकटिक न करणारे होते. तिने त्याच्याकडे पाहिलेच नाही, तसे तिला शिकवलेच नव्हते. तीन चालींत मात दिसत होती. अंगात भिनलेला अंदाज सांगत होता, पाच मिनिटे आहेत. ती नीट पडताळत बसली. खरे तर जेमतेम मिनिट उरले होते. तेही संपले, पंचांनी येऊन डाव थांबवला आणि ती हरली.

"एवढं साधं घड्याळ कळत नाही तुला? माझी सगळी वर्षं पाण्यात घातलीस!" घरी येताच मामा गरजले आणि मला टेबलावरून भिरकावले. मुंगी रडली नाही. तिने आपले मोहरे एकेक करून डब्यात भरले आणि ती आईकडे निघून गेली.

तीन महिने मी फुटक्या काचेनिशी पडून होते. अखेर मामी मला घड्याळजींकडे घेऊन निघाल्या. मामाही मागून आले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले.

"काचेचं राहू द्या हो. उजवी बाजू तासाला चार मिनिटं मागे पडतेय. आजचं नाही, दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे हे."

मामांनी तिथूनच धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, पोरीची चूक नव्हती. माझी होती. दे तिला फोन."

"आता राहू दे, दादा," पलीकडून आवाज आला. "पट दिसला तरी उठून जाते ती. मोहऱ्यांचा डबा देऊन टाकला तिनं."

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जिवापाड जपलेली वस्तूही अधूनमधून उघडून बघा. कुणाला बोल लावण्याआधी तर नक्कीच बघा.

आता मी बिनचूक चालते. रोज दुपारी मामा पट मांडतात, मला किल्ली देतात, पहिली चाल करून डावा खटका दाबतात. उजवी बाजू धावू लागते. समोरची खुर्ची रिकामी असते. मामा आता रुमाल टाकत नाहीत, माझ्याकडे बघत बसून राहतात. बरोबर साठाव्या मिनिटाला मुंगीची झेंडी पडते.