गौरीपुरत्या गोळ्या

वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता सईच्या डाव्या डोळ्यापुढे करडा पडदा आला. दुसऱ्या दिवशी ती पोलादपूरहून महाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात निघाली, तेव्हा सासूबाई गोदावरीबाई न विचारता गाडीत बसल्या.

“डोळ्याच्या मागच्या पडद्यातली शीर तुंबलीय,” डॉक्टर शुभदा म्हणाल्या. “एकतिसाव्या वर्षी असं सहसा होत नाही. बीपी, साखर? कसल्या गोळ्या चालू आहेत?”

“कसल्या गोळ्या! सारखा मोबाइल,” गोदावरीबाई मध्येच म्हणाल्या.

सईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “पाळी लांबवायच्या. सत्यनारायण, मंगळागौर आणि आता गौरी. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. आईच दुकानातून आणून देतात.”

“आम्ही नाही घेतल्या? आमचे डोळे शाबूत आहेत.”

“तुमचं नशीब,” डॉक्टर म्हणाल्या. “या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेवढंच कारण असेल असं नाही, रक्त तपासू. पण गोळ्या आजच बंद.”

“अहो, परवा गौरी यायच्यात. चारच राहिल्यात, तेवढ्या घेऊ दे.”

“उजवा डोळाही गेल्यावर मुलांच्या वह्या तुम्ही तपासणार?” सईने विचारलं.

“आणि सोवळ्यातला स्वयंपाक कोण करणार?”

“तुम्ही. मी बाजूला बसेन. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी का म्हणून विचारलं, तर डोळ्याचं मीच सांगेन. गोळ्या कुणी आणल्या तेही.”

गोदावरीबाई पदर खोचत बाहेर गेल्या. सईने डॉक्टरांपुढे हात केला.

“रक्त आत्ताच घ्या.”