गणपतरावांचे मार्गशीर्षातले आंबे

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीच्या मैदानाचं बांधकाम चालू होतं, ते १९११ साल. महाराजांच्या राज्यात तेव्हा पैलवान, गवई, चितारी, सगळ्यांना मान होता. ज्यांना यातलं काहीच येत नव्हतं, त्यांनी थापा मारायची कला धरली होती. गणपतराव त्यांतले.

त्यांच्या परड्यात दस्तगीर कातारी आणि त्याची बायको मेहमुदा यांचं खोपटं होतं. दस्तगीर दोरीनं ओढायच्या चरकावर पांगाऱ्याचं लाकूड फिरवून फळं उतरवायचा. मेहमुदा त्यांवर चिंचोक्याची खळ आणि खडू चढवून, घासून रंग द्यायची. चैत्रगौरीपुढं मांडायला बायका ती हौसेनं न्यायच्या. एकदा गल्लीतल्या गायीनं तिनं रंगवलेलं केळं तोंडात धरून पार रंकाळ्यापर्यंत नेलं होतं.

मार्गशीर्षात गणपतराव खोपट्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"मेहमुदा, आमच्या पोरीला, शालूला बघाय नेसरीचं पावणं येत्यात. मी पोराच्या बापाला, आकारामला, बोलून गेलोय की, गगनबावड्याला आपली बाग हाय, बारा महिनं आंबा लागतोय."

गगनबावड्याला त्यांची एक छत्री हरवली होती, तेवढाच काय तो संबंध.

"परातभर आंबं कर. माशी फसली पायजे. न्हाईतर चरक उचलायचा नि चालू पडायचं."

मेहमुदानं चरकाकडं बघितलं. चरकाचे खांब सासऱ्यानं त्या जमिनीत पुरलेले. दिवसभराची ती कुरकुर ऐकून घेणारं दुसरं परडं गावात मिळणार नव्हतं. तिनं जीव ओतून आंबे रंगवले. हरताळाचा पिवळा, खांद्यावर हिंगळाची लाली. सासूबाई बेगम यांची शिकवण होती, देठापाशी एक काळा डाग टाकायचा, मगच हात धुवायचे. तिनं तसे डाग टाकले.

गणपतराव भडकले. "माझ्या बागंतल्या आंब्याला डाग? पूस ते!"

तिनं पुसले. आंबे एकदम लाकडाचे दिसायला लागले.

गणपतरावांनी परातीतल्या पेंढ्याखाली आंबापोळ्या दडवून वासाची सोय केली. आणि बायकोला, चिमणाबाईला, काही सांगितलं नाही, कारण तिला सांगितलेलं पाणवठ्यावर पोचायला घागर भरण्याइतकासुद्धा वेळ लागत नसे. "आंब्याची आढी पिकून उतरायची हाय, हात लावू नका," एवढंच तिला बजावलं.

पावणे आले. आकाराम, त्याची बायको बयाबाई आणि मुलगा सयाजी. परात मधोमध. मेहमुदा परड्याच्या दाराआडून बघत होती.

बयाबाईनं एक आंबा उचलला. "हलका लागतोय की ओ!"

मेहमुदानं डोळे मिटले.

"कोयच न्हाई धरत," गणपतराव म्हणाले. "आमच्या बागंचा गुण हाय त्यो."

"आता खायाला?" आकारामनं हात पुढं केला.

"छ्या! अजून आठ दिस पिकायचं हाईत!"

तेवढ्यात चिमणाबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. "मग हितं कशाला ठेवायचं? घरी नेऊन पिकवा की, इहीणबाई!" आणि गणपतराव "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं नारळाबरोबर पाच आंबे बयाबाईच्या ओटीत घातले. ओटीत गेलेलं परत कोण मागणार? गणपतरावांनी पाणी मागितलं, आणि परड्याच्या दाराकडं असं बघितलं की मेहमुदानं त्याच दिवशी रंगाच्या वाट्या बांधायला घेतल्या.

पण नेसरीहून लग्न पक्कं असा निरोप आला. आंब्याबद्दल अवाक्षर नाही. गणपतरावांना काही उलगडेना, आणि उलगडेपर्यंत चरक हलवायचा की नाही तेही ठरेना.

पंधरवड्यानं बयाबाई एकटीच खोपट्याशी आली. लग्नाचा बस्ता बघायच्या निमित्तानं कोल्हापूरला आली होती म्हणे.

"तूच व्हय गं आंबंवाली? कातारी कुठं ऱ्हातोय म्हून इचारत आलो, तर ह्याच परड्यात बोट दावलं लोकांनी."

मेहमुदानं मान खाली घातली. "चुकलं, बाईसाब."

"चुकलं कशाचं? झकास हुतं! आमच्या ह्यांचा दात गेला."

"या अल्ला! मग गावात काय सांगितलं त्यांनी?"

"उसानं गेला म्हणाले. आंबा लई ग्वाड हुता म्हणून चावडीवर सांगून बसल्यात, आता लाकडाचा कसा म्हणत्यात?" बयाबाई जवळ सरकली. "त्यात आनि इहायाला, तुझ्या मालकाला, बोलून गेल्यात, आमच्या मळ्यात संत्री लागत्यात म्हून. शिमग्याला इही जेवायला येनार. टोपलीभर संत्री करून दे बाई. आनि डाग टाक गं. बिनडागाची फळं बघूनच मला तवा संशय आलता."

"मालक मला हितनं हाकलाय लागल्यात," मेहमुदा म्हणाली.

बयाबाई फणकाऱ्यानं उठली. "हाकलतोय कसा? थांब." ती पुढच्या दारी गेली आणि गणपतरावांना मोठ्यानं म्हणाली, "इहीबुवा, तुमच्या बागंचा माळी काढू नका हं. दर वर्षी आंबं लागतील आमाला."

गणपतराव नुसते "व्हय, व्हय" म्हणाले.

शिमग्याला त्यांनी नेसरीची संत्री हातात घेऊन "वा, काय रस!" म्हटलं, आणि न सोलता खाली ठेवली.

गणपतराव पुढं बागेबद्दल इतकं बोलले की म्हातारपणी खरंच गगनबावड्याला ती शोधायला गेले, आणि भर पावसात तापानं फणफणून परत आले. त्यातून उठलेच नाहीत. आकाराम उरलेल्या दातांनिशी गावचा पंच झाला. शालू आणि सयाजीचा संसार नेटका झाला. त्या दोघांना खोटं बोलता येत नसे, म्हणून दोन्ही घरांत त्यांना जरा बावळट समजत. दस्तगीर चरकाशी बसल्या बसल्याच गेला. मेहमुदानं नातसुनेला, सलिमाला, हात धरून डाग टाकायला शिकवलं, आणि चरकाचे खांब शेवटपर्यंत त्याच परड्यात राहिले.