ऐकणारं टोक

कंपनीत तिला सगळे 'घूस' म्हणायचे. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर, आणि तीही निमूट ओ द्यायची. भिंत कितीही चिरेबंदी असो, ही बाई कुठून तरी बीळ शोधणार, म्हणून ते नाव पडलं होतं. तिचं कामच तसं होतं. एखादी संस्था रीतसर लेखी परवानगी देऊन सांगायची, की आमच्या संगणकांत शिरून दाखवा. ही शिरायची, कुठून शिरले ते लिहून द्यायची आणि पुढच्या गावाला निघायची. चोर यायच्या आधी चोराच्या वाटा दाखवायच्या, असा सगळा मामला.

या कामाचा पहिला नियम म्हणजे गुप्तता. संस्थेतल्या एकाच माणसाला ठाऊक असायचं, की ही कोण आणि कशाला आली आहे. बाकीच्यांना कानोकान खबर नसायची. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी तिची अशी अवस्था होती, की शंभरेक कचेऱ्यांतल्या खुर्च्यांवर ती बसली होती आणि त्यांतल्या एकीतही कुणी तिला ओळखत नव्हतं. दोन आठवडे एका गावात, भाड्याच्या खोलीत. खिडकीपाशी एक टेबल, पलंगावर दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीची चादर. पूर्वी रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलीस का?" इथपासून "त्या शेजारणीने पुन्हा कपडे माझ्या दोरीवर घातले" इथपर्यंत सगळं ऐकावं लागायचं, आणि ती कंटाळायचीही. आई गेल्याला आता वर्ष झालं होतं. दादा रविवारी फोन करायचा. "बरी आहेस ना? बरं, ठेवतो." दादा माणूस म्हणून काही वाईट नव्हता. फोन हातात घेतला की त्याला शब्दच सुचत नसत.

या खेपेचं काम एका पाणीपुरवठा कंपनीचं होतं. चार मजले आणि खाली तळघर. संगणकप्रमुख म्हणजे बोलताना सतत घड्याळ बघणारा गृहस्थ. त्याने तिला चौथ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली दिली आणि बाकीच्यांना सांगून टाकलं, की बाई कागदपत्रं तपासायला आल्या आहेत.

तिचं एक आवडतं अवजार होतं. त्याला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की दोन संगणकांमध्ये जणू नळी टाकली जायची. एका टोकाला सांगायचं, 'ऐकत बस'. दुसऱ्या टोकाला सांगायचं, 'जोड'. मग इकडे जे लिहावं ते तिकडे उमटायचं. हे अवजार दोन प्रकारचं होतं. साध्या प्रकारात अक्षरं उघडी जायची, वाटेत पहारा देणाऱ्याला वाचता यायची. दुसऱ्यात दोन्ही टोकांना एकच परवलीचा शब्द द्यायचा, मग मधल्या मध्ये कुणी पाहिलं तरी त्याला नुसता कचरा दिसायचा.

पहिल्या आठवड्यात तिने दुसऱ्या मजल्यावरून साधी नळी टाकली. कंपनीच्या संगणकांवर नजर ठेवणाऱ्या, पहाऱ्यावरच्या दोघांनी ती बारा मिनिटांत पकडली. संगणकप्रमुखाची छाती फुगली.

"पाहिलंत? आमची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात."

"आता गुप्त अक्षरांची टाकते," ती म्हणाली. "पाच दिवस ठेवू. कधी लक्षात येतं ते पाहू."

त्यासाठी एक दुर्लक्षित संगणक हवा होता. तळघरात नकाशांची खोली होती, तिथे जुने नकाशे संगणकात उतरवायचं एक यंत्र होतं. संगणकप्रमुख तिला रविवारी तिथे घेऊन गेला. "इथे आता कुणी बसत नाही," तो म्हणाला. यादीतही त्या खोलीपुढे 'रिकामी' असंच लिहिलेलं होतं. तिने ऐकणारं टोक तिथे बसवलं आणि काळी खिडकी पडद्यावर तशीच उघडी ठेवली. निघताना तिला खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेला स्वेटर दिसला. विचारावं असं मनात आलं, पण प्रमुख घड्याळाकडे बघत होता.

सोमवारी सकाळी अकराला तिने चौथ्या मजल्यावरून परवलीचा शब्द दिला आणि नळी जोडली. जोडली गेली की ती नेहमी एकच ओळ लिहायची. कितीतरी गावांत लिहिली होती, कितीतरी रिकाम्या खोल्यांतल्या पडद्यांवर ती उमटून गेली होती.

'ऐकू येतंय का?'

ती चहाचा कप उचलणार, एवढ्यात खाली दुसरी ओळ आली.

'येतंय. कोण बोलतंय?'

कप टेबलावरच राहिला. नियमाप्रमाणे त्याच क्षणी नळी बंद करायला हवी होती. एका वाक्यात प्रमुखाला कळवायचं आणि दुसरी जागा शोधायची. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिने लिहिलं,

'वरच्या मजल्यावरून. काम चालू आहे. ही खिडकी बंद करू नका.'

'नाही करत. अकरा वर्षं झाली इथे बसून. वरच्या मजल्यावरून कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ, बंद कशाला करू?'

तो माणूस नकाशे सांभाळायचा. जुने कर्मचारी त्याला नकाशेकाका म्हणत, हे त्यानेच सांगितलं. नवे काहीच म्हणत नसत, कारण त्यांना तो ठाऊकच नव्हता. 'माझ्याकडे नऊ हजार नकाशे आणि एक खुर्ची,' त्याने लिहिलं. 'पाहुणा आला तर एकाला उभं राहावं लागेल. पण तशी वेळ आलेली नाही.'

ती हसली. खोलीत तिचं हसू तिलाच ऐकू आलं आणि जरा दचकायला झालं.

मंगळवारी तिने स्वतःला समजावलं, की नळी जितकी वापरात राहील तितकी परीक्षा चांगली होईल. हे खोटं नव्हतं. पण साडेदहापासून तिचं लक्ष घड्याळावर होतं, हेही खोटं नव्हतं. काकांनी सांगितलं, की एका बैठकीत त्यांनी मोठ्या साहेबांना 'तुमचा नकाशा चुकलाय' म्हटलं होतं. नकाशा चुकलेलाच होता. महिन्याभरात त्याच जागी नळ फुटला आणि अर्धा रस्ता वाहून गेला. 'मग मला बढती मिळाली. खालच्या दिशेने.'

बुधवारी त्यांनी लिहिलं, की बायको गेली, मुलगी लांब असते. दिवसभर तोंड उघडायचं कामच पडत नाही, संध्याकाळी दुकानात काही मागायला गेलं की आवाज आधी खाकरून शोधावा लागतो. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग आपलं नाव, गाव, काम काहीही न सांगता तिने आईबद्दल लिहिलं. रोजचा फोन, शेजारणीची दोरी, सगळं. 'तेव्हा मी हां-हां करत दुसरंच काम करत असायचे,' तिने लिहिलं. हे तिने दादाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही.

खालून आलं, 'आयांना ते कळत असतं. तरी त्या बोलतात.'

चौथ्या मजल्यावरच्या त्या कोपऱ्यात ती रडली. दार लोटलेलं होतं, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिकडे पहाऱ्यावरच्यांना कशाचा पत्ता नव्हता. तिच्या पडद्यावर नोंद बिनचूक चालली होती: दिवस तिसरा, नळी चालू, कुणाच्या लक्षात आलेली नाही.

गुरुवारी दुपारी काकांची ओळ आली.

'एकदा खाली या ना. सगळ्यात जुना नकाशा दाखवतो, रेशमी कापडावर काढलाय. मी जागेवर नसलो तरी या. दाराला आकड्यांचं कुलूप आहे.' आणि पुढे चार आकडे.

तिने कळफलकावरून हात काढून घेतले. तिच्या धंद्यात अशा एका ओळीसाठी लोक महिनोन्महिने जाळं लावून बसतात. गोड बोलायचं, विश्वास मिळवायचा आणि माणसाने आपण होऊन किल्ली हातात ठेवायची, याला त्यांच्याकडे नावही आहे, प्रशिक्षणही आहे. तिने जाळं लावलं नव्हतं. पण समोरच्या पडद्यावर जे झालं होतं ते तंतोतंत तेच होतं. अहवालात ते जसंच्या तसं गेलं, तर सगळ्यांच्या नजरेत एकच माणूस भरणार होता: तळघरातला म्हातारा, ज्याने अनोळखी खिडकीला चार दिवस उत्तरं दिली आणि दाराचा आकडासुद्धा सांगून टाकला.

शुक्रवारी ती खाली गेली. आकडा न वापरता दार वाजवलं.

दार उघडलं ते तिच्यापेक्षा उंच, किंचित वाकलेल्या माणसाने. तोच स्वेटर अंगात. "वरच्या मजल्यावरच्या?" तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "या, या. खुर्ची तुम्ही घ्या."

"काका, आधी ऐकून घ्या," ती उभ्यानेच म्हणाली. "मी इथली नाही. तुमच्या कंपनीचा पहारा तपासायला मला बाहेरून बोलावलंय. ती खिडकी मीच उघडली होती. खाली कुणी बसत नाही असं मला सांगितलं होतं."

काकांनी रेशमी नकाशा टेबलावर आधीच काढून ठेवला होता. ते त्याच्या कडा हाताने सारख्या करत राहिले.

"म्हणजे माझी परीक्षा चालली होती?"

"तुमची नाही. पहाऱ्याची."

"पण उत्तरं मी देत होतो."

तिने मान डोलावली.

"आणि आईचं?" त्यांनी विचारलं. "तेही कामातलंच?"

"नाही. ते खरं होतं. सगळंच खरं होतं, काका. फक्त मी कोण ते सोडून."

"तेवढंच तर मी पहिल्या दिवशी विचारलं होतं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी नकाशा सावकाश गुंडाळायला घेतला. तो पूर्ण गुंडाळून होईपर्यंत ती थांबली, मग निघाली. त्यांनी थांबवलं नाही.

अहवाल तिने शनिवारी दिला. गुप्त अक्षरांची नळी पाच दिवस चालू राहिली, कुणाच्या लक्षात आली नाही. अशा गुप्त जोडण्यांवर लक्ष कसं ठेवायचं, कुठे अडवायच्या, हे सविस्तर. मग एक परिच्छेद: 'तळघर रिकामं नाही. तिथे एक कर्मचारी अकरा वर्षं बसतो. तुमच्या यादीत तो नाही, त्याला सुरक्षेची माहिती कुणी कधी दिलेली नाही.' आणि शेवटी: 'दाराचा आकडा बदलावा. तो मी संभाषणातून मिळवला. संभाषण थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही. चूक माझी आहे.'

संगणकप्रमुखाने पानं उलटली. "संभाषणाची नोंद कुठे आहे? ती जोडायला हवी ना?"

"नाही जोडली. कंपनीच्या कामाचं त्यात जे होतं ते सगळं इथे लिहिलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं दोन माणसांचं होतं. पुसून टाकलं."

त्याने पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. मग तिच्या कंपनीला तक्रार गेली, आणि जायलाच हवी होती. तिच्या साहेबांनी फोनवर आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. सहा महिने तिला बाहेर पाठवलं नाही. दुसऱ्यांचे अहवाल तपासत ती आपल्या घरी बसली. घर तिचं होतं, चादर तिच्या आवडीची होती. फरक एवढाच पडला, की संध्याकाळ कुठल्या गावची ते लक्षात राहायचं.

सहा महिन्यांनी फेरतपासणीची वेळ आली. जागा तिला माहीत, म्हणून तिलाच पाठवलं. तिने पुन्हा गुप्त नळी टाकली. दुसऱ्याच मिनिटाला तुटली आणि तिच्या खोलीतला फोन खणखणला. "कोण आहात तुम्ही? तिथेच थांबा," पहाऱ्यावरचा दरडावत होता. संगणकप्रमुख खूश झाला. दोन दिवसांचं काम दुपारी एकलाच संपलं.

ती जिन्याने खाली आली. तळमजल्यावर नागरिकांसाठी नवी खिडकी काढली होती, आणि तिच्यामागे नकाशेकाका बसले होते. समोर सात-आठ जणांची रांग. एका बाईंना ते बोट फिरवून दाखवत होते, "तुमच्या अंगणातून नळ जातच नाही हो, तो शेजाऱ्यांकडून जातो. त्यांनी झाड लावलं ना, तिथे खणा म्हणावं." आवाज चांगला मोकळा, खणखणीत. तिने हा आवाज एकदाच ऐकला होता, तोही दबलेला.

त्यांची नजर तिच्याकडे गेली. रांगेला हात दाखवून ते खिडकीच्या बाजूला आले.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मला वर आणलं, असं ऐकलं," ते म्हणाले.

"खाली माणूस बसतो, एवढंच लिहिलं होतं."

"हं."

"राग आहे अजून?"

"होता. चांगला दोन-तीन महिने होता." ते रांगेकडे बघून हसले. "आता सवड कुठे आहे! बरं, तुम्ही कशा आहात? बोला ना काहीतरी."

तिने तोंड उघडलं. सहा महिन्यांत त्यांना सांगण्यासारखं किती साचलं होतं. पण समोर माणूस उभा होता, तिच्याकडे बघत होता, आणि हाताखाली कळफलक नव्हता.

"बरी आहे," ती म्हणाली.

"काका, आमचं बघा की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आलो, आलो," म्हणत ते वळले. जाता जाता तिच्या खांद्याला हलकेच हात लावून गेले.

भिंतीलगत एक बाक होता. गाडीला वेळ होता, म्हणून ती टेकली. काका कुणाला तरी वैतागून समजावत होते, मग कुणाशी तरी हसत होते. एकानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. अर्ध्या तासाने तिने पिशवी उचलली. ते मान खाली घालून कसला तरी अर्ज वाचत होते. त्यांना हाक न मारता ती बाहेर पडली.