सिनेमातला हवालदार

आमच्या मॅडमवर सिनेमा काढतायत म्हटल्यावरच मी कपाळाला हात लावला होता. मॅडम चोवीस वर्षांच्या, पाच फूटही भरत नाहीत, नाकावर चष्मा, आणि धुळीचं असं वावडं की जुन्या फायली उघडल्या की शिंकांची माळ लागते. चौकीत पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मीच विचारलं होतं, “काय गं, काय हरवलं तुझं?” एकतीस वर्षं नोकरी झालेला हवालदार मी, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला ‘काय गं’ म्हणालो! त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या आणि तेव्हापासून मला काका म्हणायला लागल्या.

सिनेमा निघाला तो सायकलींच्या गोदामावरच्या धाडीवरून. आत चोरीच्या दीडशे सायकली आणि तीन चोर. मॅडम पुढच्या दाराने घुसणार, मी मागच्या. मॅडम घुसल्या. मी नाही घुसलो. कडीला हात लावला आणि घाबरून मागे सरलो. भिंतीला टेकून आतली आदळआपट ऐकत राहिलो. मॅडमनी शिट्टी फुंकत सायकलींची अख्खी रांग चोरांच्या अंगावर लोटली आणि एकट्या तिघांना पुरून उरल्या. अहवालात मात्र लिहिलं, ‘हवालदार मागच्या दाराने आत आले.’

मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या हिने फ्रेम करून बैठकीत लावलं, आणि येईल त्याला दाखवते. खरं काय ते फक्त मला आणि मॅडमना ठाऊक. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मी तर मूग गिळूनच बसलो होतो. हिला कळलं तर तोंड कुठे लपवू, एवढीच धास्ती.

परवा दिग्दर्शकाने सिनेमा दाखवायला बोलावलं. मॅडमच्या संमतीची सही झाल्याशिवाय सिनेमा लोकांना दाखवता येणार नव्हता. वीस खुर्च्यांचं छोटं थिएटर, दात वाजतील असा एसी. मॅडम, चौकीतले सगळे, मी आणि ही.

पहिल्याच मिनिटाला माझं डोकं फिरलं. मॅडमचं काम करणारी नटी दारातून वाकून आत येते! अरे बाबांनो, मॅडमना वरची फाईल काढायला स्टूल लागतं, तीच तर सगळी गंमत! पुढे जीप पुलावरून उडी मारते. आमची जीप सकाळी दोघांनी ढकलल्याशिवाय जागची हलत नाही. नटीने एका पिस्तुलातून चाळीस गोळ्या झाडल्या, मी मोजल्या. एका गोळीचा हिशेब लिहून दाखवा म्हणावं, म्हणजे कळेल.

“अशी चौकी असते कुठे?” मी पुटपुटलो.

“गप्प बसा हो,” ही म्हणाली.

मग हवालदार आला. पोट सुटलेला, टोपी कानावर, तोंडात सदा बिस्किट. “अगं बाई, हे तर तुम्हीच!” हिने कोपराने ढोसलं. मी दातओठ खात बसलो. तेही सोसलं असतं, पण गोदाम आलं. नटी पुढून घुसली. हवालदार मागच्या दारापाशी गेला, कडीला हात लावला, आणि मागे सरून भिंतीला टेकला.

त्या गारठ्यात मला घाम फुटला. लिहिणाऱ्याला सांगितलं कोणी? कोणीच नाही. लोकांना हसवायचं म्हणून मेल्याने मनानेच रचलं होतं. आतून धाडधाड आवाज येतायत आणि हा बाहेर डोळे मिटून आईला हाका मारतोय. अख्खी चौकी खो खो हसत सुटली. सगळ्यांत मोठ्याने ही.

दिवे लागले. मॅडम उभ्या राहिल्या. “सही करते. पण गोदामाबाहेरचा तो प्रसंग काढा. काका माझ्यासोबत आत होते.”

“अहो मॅडम, लोक सगळ्यांत जास्त तिथेच हसणार,” दिग्दर्शक म्हणाला.

“काढा म्हटलं ना!”

“बरं बाई, काढतो.”

झालं, सुटलो होतो. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम, आणि त्यात तर मी पटाईत. पण मला या पोरीचाच राग आला. एकदा खोटं लिहिलंस ते लिहिलंस, आता चारचौघांत पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलायचं? माझ्या मुलीपेक्षा लहान तू, मला किती दिवस कडेवर घेऊन फिरणार?

“राहू द्या तो प्रसंग,” मी उठून म्हणालो. “अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं आहे. मी आत गेलोच नव्हतो. बिस्किट तेवढं काढा.”

“काका, अहवाल मी लिहिला होता,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“मग तो चूक आहे असं उद्या मी लिहून देतो,” मी म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

घरी जाताना ही तरातरा पुढे निघाली. मी चार पावलं मागे. कोपऱ्यावर मला राहवेना. “बोल की! काय बोलायचं ते बोल एकदाचं.”

“काय बोलू? त्या धाडीपासून अकरा महिने झोपेत ‘आलो मॅडम, आलो’ म्हणत दचकून उठता. मला काय कळत नव्हतं?”

मी जागीच थांबलो. “कळत होतं? मग तिथे एवढी खदाखदा हसलीस कशाला?”

“मग काय करू?” ती खेकसली. “रडले असते तर सगळ्यांना कळलं नसतं?”