आजोबांचा विग

मी एक विग आहे. पांढरा, मागून विरळ, कपाळावर एक बट सदाची विस्कटलेली. माझी गोष्ट सांगायची म्हणजे खरं तर माझ्याखाली वर्षानुवर्षं घामाघूम झालेल्या एका डोक्याची गोष्ट सांगायची.

मला घडवलं मामांनी. नाटक कंपनीचे ते रंगभूषाकार. सगळेच त्यांना मामा म्हणत. लाकडी डोक्यावर जाळी ताणून, बारीक आकड्याने एकेक केस गुंफत त्यांनी सहा आठवडे माझ्यापायी डोळे फोडून घेतले. मी ज्या ज्येष्ठ नटासाठी तयार झालो, ते ऐनवेळी न्हाणीघरात घसरले आणि पाय मोडून बसले. मग निर्मात्यांनी कंपनीतल्याच एका सत्तावीस वर्षांच्या नटाला पुढे केलं.

"चारच प्रयोग मारून ने. तोवर त्यांचा पाय बरा होईल," ते म्हणाले.

त्याचे स्वतःचे केस काळेभोर, दाट. मामांनी ते दाबून बसवले, कपाळाला गोंद लावला आणि मला चढवलं. आरशात बघून तो खो-खो हसला. "मामा, हा तर माझ्या बापाचाही बाप दिसतोय!"

नाटकातला तो विसराळू, चावट आजोबा लोकांनी उचलून धरला. ज्येष्ठ नटाचा पाय बरा झाला, पण लोकांना आता हाच आजोबा हवा होता. पुढे एकूण एकोणीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर होतो.

तो पस्तिशीचा होता तेव्हाही भाजीवाला त्याला "आजोबा, या!" म्हणायचा. एकदा त्याची लेक शाळेतून आली ती कमरेवर हात ठेवूनच. "बाबा, बाईंनी विचारलं, तुझे बाबाच आजोबा, तर मग तुझे आजोबा कोण?" त्या दिवशी मेकअप करताना त्याने हा किस्सा सांगितला. मामा पोट धरून हसले. तो मात्र हसला नाही. गोंदाने त्याच्या कपाळावर चट्टे उठायला लागले होते. मी घट्ट बसायचो. माझं कामच ते.

त्याला दुसरं काहीतरी करायचं होतं. सवड काढून त्याने तीन नाटकं बसवली. तालमींना मीही जायचो, पिशवीतून. पुढच्या प्रयोगाला तो तिथूनच निघायचा. तिसरं नाटक दोन बहिणींचं होतं. थोरलीचं काम त्याची बायको करायची. तिला तो सांगत असे, "रडू नकोस. नुसती चादरीची घडी घाल. लोकांना कळेल." असा मऊ आवाज मी आजोबाच्या तोंडी कधी ऐकला नव्हता.

शुभारंभाच्याच दिवशी निर्मात्यांनी आजोबाचा प्रयोग परगावी लावला.

"साहेब, त्या दिवशी माझं नाटक उघडतंय!"

"अरे, थिएटर भरलंय. हजार माणसांना काय सांगू, आजोबा येत नाहीत म्हणून?"

तो गेला. मध्यंतरात थिएटरच्या ऑफिसातून त्याने बायकोला फोन लावला. "पडदा वर गेला?" एवढंच विचारलं, पलीकडचं ऐकलं आणि "बरं" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या अंकात लोक नेहमीपेक्षा जास्त हसले. माझ्या जाळीतून घाम गळत होता, डोळ्यांपर्यंत. बायकोचं नाटक अकरा प्रयोगांत बंद पडलं. ती त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो मामांना म्हणाला.

शेवटी त्याने निर्मात्यांना सांगितलं, आता बास. शेवटचा प्रयोग जाहीर झाला. पडदा पडायच्या आधी तो पुढे आला. प्रेक्षकांसमोर मला उतरवून नमस्कार करायचा, असं त्याने ठरवलं होतं. त्याची बोटं माझ्या मागच्या कडेखाली शिरली. तेवढ्यात निर्मात्यांनी माइक हातात घेतला. "रसिकहो, तुमच्या प्रेमाखातर आजोबा पुढच्या महिन्यापासून पुन्हा तुमच्या भेटीला!"

सगळं थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. शिव्या देणाऱ्याला सोडून जाता येतं हो. टाळ्या देणाऱ्याला कसं सोडायचं? ती बोटं थांबली आणि हळूच खाली आली.

आणखी सहा वर्षं गेली. मग गर्दी ओसरली आणि निर्मात्यांनी एका फोनवर नाटक बंद केलं. मामांनी मला पत्र्याच्या डब्यात घालून त्याच्या हवाली केलं. मी त्याच्या कपाटावर गेलो. तो सुटला, असं मला वाटलं. कुठलं काय! काम मागायला गेला की लोक म्हणत, "तुम्ही नुसते आत आलात तरी प्रेक्षक हसतील हो." दोन वर्षं तो घरीच बसून होता. डब्यात मी आणि खोलीत तो.

मग एका छोट्या नाटकात त्याला कारकुनाचं काम मिळालं. सगळे मिळून दोन प्रवेश. पहिल्या प्रयोगाहून आला तो चप्पल न काढताच बायकोला म्हणाला, "अगं, आधी एकजण हसला. मग गप्प झाला. मग कोणीच हसलं नाही!"

"चादरीची घडी घातलीस वाटतं," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी मी तिचं हसू ऐकलं.

परवा निर्माते घरी आले. आता काठी टेकत चालतात. चहा घेतला आणि म्हणाले, "एकदाच करू. लोक अजून विचारतात. विग आहे ना तुझ्याकडे?"

मी तिथेच कपाटावर, डब्यात होतो, त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "उंदरांनी खाल्ला."

"अगदी सगळा?"

"काही ठेवलं नाही मेल्यांनी," बायको म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

वापरा म्हणून विनवणाऱ्या वस्तू तुम्हाला खूप भेटतील. माझी विनंती उलटी आहे. कधी आवराआवर करताना हा डबा हाताला लागलाच, तर झाकण उघडू नका. कोणी विचारलं, तर उंदरांचंच नाव सांगा.