एकेचाळीस वेळा 'निर्दोष'

गाडीच्या कारखान्यात परत आलेले सुटे भाग तपासणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे 'चकचकबाई' म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. नियमच त्यांचा तसा होता: तक्रार घेऊन आलेला भाग आधी स्वच्छ धुवायचा, पुसायचा, मगच यंत्रावर चढवायचा. अकरा वर्षांपूर्वी हा नियम त्यांनीच घालून दिला होता. बरबटलेल्या हातांनी केलेल्या तपासणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या वर्षी एका नव्या गाडीच्या सीटबेल्टची बक्कलं परत येऊ लागली. तक्रार एकच. टक् आवाज येतो, पट्टा लागला असं वाटतं, आणि ब्रेकचा हिसका बसला की निसटतो. बाईंनी एकेचाळीस बक्कलं धुतली आणि ओढून पाहिली. एकही निसटलं नाही. प्रत्येकाच्या कागदावर त्यांनी 'निर्दोष' लिहून सही ठोकली आणि बक्कल मालकाला परत धाडलं. लोकांना साधा पट्टा लावता येत नाही, वर कारखान्याच्या नावाने बोटं मोडतात, असं त्यांचं ठाम मत झालं.

बेचाळिसावं बक्कल एक गॅरेजवाला मिस्त्री वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच घेऊन आला.

"बाई, हे धुऊ नका. आधी ओढून बघा."

"मला माझं काम शिकवताय?"

"छे हो! हवं तर पाया पडतो. पण धुऊ नका."

गडी खरंच वाकला, तेव्हा बाईंनी नाक मुरडत ते काळंकुट्ट बक्कल यंत्राला लावलं. टक् झालं. जरासा ताण दिला आणि पट्टा सुटून बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. बाईंनी बक्कल उघडलं. कारखान्यातच भरलेलं ग्रीस धूळ खाऊन घट्ट झालं होतं आणि आतली खिट्टी अर्धीच बसत होती. मग त्यांनी तेच बक्कल धुऊन ओढलं. आता ते निसटायला तयार नव्हतं. पण तळाशी ग्रीस उरलंच होतं, पुन्हा धूळ खायला.

एकेचाळीस वेळा दोष त्यांनी आपल्याच हातांनी धुऊन टाकला होता, आणि ती माणसं त्यांच्या सहीवर भरवसा ठेवून गाड्या चालवत होती.

बाई तडक कारखान्याच्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "धूळ काही आपण भरली नाही. ग्राहकांनी गाडी साफ ठेवावी, असं पत्रक काढू."

"गाडीत धूळ नाही तर काय गुलाबपाणी साचणार, साहेब? ग्रीस आपलं आहे. सगळ्या गाड्या परत बोलवा."

"मग धुवायचा नियम कोणाचा, तेही निघेल. तुमच्यावरच शेकेल."

"शेकू दे. नियम माझा, चूकही माझी, असं लिहूनच आणलंय." बाईंनी कागद पुढे सरकवला. "हा सरकारी खात्यात जाणार. तुमच्या सहीने गेला तर तुम्हालाच शोभेल. नाहीतर माझी एकटीची सही पुरे आहे."

साहेबांनी कागद दोनदा वाचला, मोठा सुस्कारा सोडला आणि पेन उचललं.

सगळ्या मालकांना पत्रं जायला आठवडा तरी लागणार होता. पण त्या एकेचाळीस जणांना एवढा वेळ थांबवणं बाईंना पटेना. खोलीत येऊन त्यांनी तक्रारींची वही उघडली आणि पहिला नंबर फिरवला.

"तुमचं बक्कल मी निर्दोष ठरवलं होतं. ते चुकलं माझं. नवीन बसेपर्यंत गाडी बाहेर काढू नका."

"बायको तीन महिने हेच सांगत होती," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी तुमचा कागद दाखवून तिला गप्प बसवलं. तुम्हीच बोला तिच्याशी."

फोन तिच्या हातात गेला.

"वहिनी, तुमचंच खरं होतं," बाई म्हणाल्या. "चूक आमची होती."

"थांबा जरा, स्पीकर लावते," पलीकडून आवाज आला. "सासूबाईंनाही ऐकू दे. आता पुन्हा म्हणा."

बाईंनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने.