मारबतीच्या गाडीवर चंद्रभान

नागपूरच्या इतवारीत भाड्याने मिळणाऱ्या रंगीत चित्रांच्या पुस्तकांतले वीर उडतात, आगीतून चालतात आणि त्यांच्या अंगाला काही लागत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या, चंद्रभानच्या अंगाला सगळंच लागायचं. तोच त्याचा पराक्रम होता.

आम्ही दोघंच. मी विधवा होऊन माहेरी आलेली, तो मागावर लुगडी विणायचा. कोणी त्याला हात लावून "एवढं घेऊन जा गा" म्हटलं, की त्या माणसाचा ताप, ठणका, जे असेल ते याच्यात उतरायचं. आलेला हसत उठायचा आणि हा भिंतीला टेकून कण्हायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं काम टाकून बघतच राहिले होते. ते नवल पुढेही कधी जुनं झालं नाही.

ताप रात्रभरात उतरायचा. पण जुनं दुखणं एकदा त्याच्यात गेलं की गेलं; ते परत मागायला कोण येतं. एका हमालाचं लंगडणं त्याच्या पायात कायमचं राहिलं. तेव्हापासून दारात मी उभी राहायला लागले. कोणी काय आणलंय ते आधी मला सांगायचं. गल्लीने त्याची पाणपोई करून टाकली होती, मग मला कजाग म्हणा नाहीतर काही म्हणा. मारबत काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष रुपरावजी काचबिंदूने आंधळे झाले होते. त्यांनाही मी दारातूनच परत पाठवलं होतं.

म्हणून पोळ्याच्या दिवशी ते काठी टेकत आले, तेव्हा मी कंबर कसूनच उभी राहिले. पण ते म्हणाले, "उद्या मारबतीच्या गाडीवर चंद्रभानले बसवू. एवढं केलं त्यानं आपल्यासाठी, मान तं द्याच लागते."

मला फार बरं वाटलं. घेणारे पुष्कळ पाहिले होते, देणारा हा पहिलाच. मारबतीच्या गाडीकडे बघून लोक काय ओरडतात, ते लहानपणापासून ऐकूनही आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा फेटा बांधून, खांद्यावर जरीचा शेला घेऊन चंद्रभान त्या उंच पिवळ्या मारबतीच्या, दरवर्षी वस्तीबाहेर नेऊन जाळायच्या त्या पुतळ्याच्या, पायाशी बसला. पुढे महागाईच्या नावाने केलेला बडग्याचा पुतळा नाचत होता. गाडी हलली. लोक त्याच्या पायाला हात लावू लागले आणि दरवर्षीप्रमाणे आरोळी उठली, "रोगराई घेऊन जा गे मारबत!"

त्याची मान झटक्यात मागे गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "हात नका लावू!" मी घसा फोडून ओरडले. ढोलताशांत माझं कोण ऐकतं.

आणि मग ते झालं. रस्त्याने कुबड्या पडायला लागल्या. धापा टाकणारे सरळ उभे राहिले. एकेक ढोल थांबत गेला. एवढी माणसं, आणि कोणी खोकत नव्हतं, कोणी कण्हत नव्हतं. तशी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. रुपरावजींनी काठी टाकली. "दिसून राहिलं! मले दिसून राहिलं!" म्हणत ते लहान पोरासारखे रडले. माझेही हात आपोआप जोडले गेले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो मला भाऊ वाटतच नव्हता.

मग तो गाडीवरून खाली कोसळला.

वस्तीबाहेर मारबत जळाली. मी चंद्रभानला हातगाडीवर घालून परत निघाले. अंगभर फोड, पाय वाकडे, डोळे पांढरे, श्वास आत्ता आहे आणि आत्ता नाही. गल्लीच्या तोंडाशी बरी झालेली सगळी मंडळी उभी होती.

रुपरावजी पुढे आले. "जयवंता, त्याले आत आणू नको वं. बाहेर नेलेली रोगराई कोणी घरी परत आणते काय?"

माझं डोकं फिरलं. "रोगराई तुमची हाय, भाऊ माहा हाय! मरून राहिला तो. ज्याचं त्यानं वापस घ्या, मंग मले शिकवा!"

कोणी हललं नाही. शेवटी समोरच्या खोलीतली म्हातारी प्रयागबाई गर्दीतून बाहेर आली. जन्माची दमेकरी, पण आज भराभर चालत आली. तिने चंद्रभानचा हात धरला.

"माहा दमा मले दे गा, बापू. मले त्याची सवय हाय."

तिथेच तिला धाप लागली. चंद्रभानची छाती वर आली आणि त्याने पोटभर श्वास घेतला. मला रडू आवरेना. मग एकेक जण खाली मान घालून आला आणि आपापलं घेऊन गेला. रुपरावजी तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. माझीसुद्धा जीभ उचलली नाही.

चंद्रभान जगला. आता माग मी चालवते, तो शेजारी बसून चाचपत सुताच्या कांड्या भरतो. रोज सकाळी रुपरावजी आमच्या दारावरून जातात. त्यांची चाल तो बरोबर ओळखतो.

"रुपरावजी चालले ना वं बाई? दिसते ना त्याईले चांगलं?"

"दिसते," मी सांगते. "पण इकडं पाहत नाईत."